समुद्रातली आमची जागा

आमच्या समुद्रातल्या जागेबद्दल मी काही लिहू नये, असं फिलूचं म्हणणं आहे. फिलू माझी मोठी बहीण. "पप्पा गेले, इनासअंकल गेला, आता कोणाला दाखवायचंय तुला?" असं तिने परवा फोनवर विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत, "लिही, लिही, तू कधी कोणाचं ऐकलंयस," म्हणून फोन ठेवून दिला. मी लिहिणार आहे. आजवर मी दुसऱ्यांच्या गावांबद्दल लिहीत आलो. कोणाचं तळं, कोणाचं कुरण, कोणाची पाण्याची पाळी. त्यावर मला डॉक्टरेट मिळाली, प्राध्यापकी मिळाली, बोरिवलीचा हा फ्लॅट मिळाला. हे सगळं ज्या एका घरातून निघालं त्या घराबद्दल मात्र मी गप्प राहायचं, हे मला मान्य नाही. त्या घरात मी जे केलं त्याचं मला ओझं आहे. ते रोज आहे. पश्चात्ताप नाही. लोकांना या दोन गोष्टी एकच वाटतात, म्हणून हे प्रकरण.

मनोरीत आमचं घर खाडीच्या अंगाला होतं. पुढे दोन पायऱ्या, पायऱ्यांवर ओटा, ओट्यावर कायम एक फाटकं जाळं पसरलेलं आणि त्याच्या मधोमध पप्पा, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून बसलेले. पहाटे देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा व्हायची, तिच्यामागून खाडी ओलांडून मार्व्याला जाणाऱ्या तरीच्या इंजिनाची टकटक, आणि मग आई बंदराकडे निघालेल्या बायकांना घरातूनच ओरडून आज काय आलं ते विचारायची. आमच्या घरात कोणी हळू बोलत नसे. वाऱ्याचा आवाज, कावळ्यांचा आवाज, त्यावर चढवून बोलायची सवय. पुढे मी वर्गात शिकवायला लागलो तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायला मला कधी माइक लागला नाही, त्याचं श्रेय कोणत्याही विद्यापीठाला नाही. मे महिन्यात आईचा वर्षाचा मसाला व्हायचा. मिरच्या अंगणात, धणे-तीळ-खसखस चुलीवर, आणि उखळाभोवती डोक्याला फडकी बांधलेल्या बायका. तो मसाला बिअरच्या काळ्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचा, म्हणून त्याला बाटली मसाला म्हणायचं. त्या दिवशी पप्पा सकाळपासून शिंकत फिरायचे आणि आई म्हणायची, "दर्याला भीत नाय, नि मिरचीला भितंय." (आमची घरची बोली मी इथे जरा सरळ करून लिहितो आहे. जशीच्या तशी लिहिली तर मालाडच्या पुढे कोणाला कळणार नाही.)

आता जागेबद्दल. आमच्याकडे डोलीने मासे धरतात. डोल म्हणजे एक मोठं पिशवीसारखं जाळं. समुद्राच्या तळाला लाकडी खुंटे ठोकायचे, जाळ्याचं तोंड त्यांना बांधायचं, आणि भरती-ओहोटीच्या पाण्याने बोंबील, मांदेली, जवळा आपोआप आत आणून टाकायचा. म्हणजे होडीपेक्षा, जाळ्यापेक्षा, खुंटा कुठे आहे ते महत्त्वाचं. गावातल्या प्रत्येक घराची समुद्रात एक जागा होती. आजोबाची ती बापाची, बापाची ती मुलाची. कागद नाही, सरकारी शिक्का नाही. वर नुसतं पाणी. तरी कोणाची जागा कुठे हे सगळ्यांना ठाऊक आणि दुसऱ्याच्या जागेवर कोणी जाळं टाकत नसे. नियम एकच होता. जागा लागोपाठ दोन हंगाम ओस राहिली, तर ज्याला जागा नाही त्याने ती मागायची. मागण्याचीही रीत होती. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असताना, देवळातली रविवारची मिस्सा झाल्यावर, गावच्या पाटलाला घेऊन त्याने त्या घराच्या पायरीशी यायचं. उत्तर मिळेपर्यंत ओट्यावर चढायचं नाही. उत्तर द्यायचं ते जाळं टाकू शकेल अशा घरच्या पुरुषाने, आणि उत्तरं दोनच: "मी खुंटा मारतो" किंवा "घे". काहीही उत्तर आलं तरी मागणाऱ्याने त्या घरी जेवून जायचं. हे शेवटचं कलम कोणी घातलं असेल कोण जाणे, पण ते नसतं तर गावात निम्मी माणसं निम्म्यांशी बोलली नसती.

मी तेव्हा अंधेरीच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. तरीने मार्वे, बसने मालाड, पुढे अंधेरी. वर्गात आमचे सर एक दिवस शिकवत होते की ज्या गोष्टीला मालक नाही ती गोष्ट लुटली जाते. रान असो, कुरण असो, समुद्र असो, प्रत्येक जण दुसऱ्याच्या आधी ओरबाडतो आणि शेवटी कोणालाच काही उरत नाही. मी हात वर केला आणि आमच्या जागांचं सांगितलं. सर चांगले होते, त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे कुठे लिहिलेलं आहे?"

"नाही सर."

"कोणी मोडलं तर शिक्षा?"

"कोणी मोडत नाही."

"मोडत नाही, कारण मोडून काही मिळत नाही," सर म्हणाले. "ज्या दिवशी नियम पाळण्यात एखाद्याचं घर बुडेल आणि मोडण्यात वाचेल, त्या दिवशी बघ. माणूस मोडतो. आपला सगळा विषय त्यावर उभा आहे."

मागून कोणीतरी म्हणालं, "सर, त्याला दर्याचं विचारू नका, त्याच्या डब्यात बोंबील आहे," आणि वर्ग हसला. माझे कान तापले. "आमच्याकडे पाळतात," मी म्हणालो. आवाज जरा जास्तच निघाला. सर म्हणाले, "ठीक आहे. दाखव कधीतरी." घरी येऊन मी हे सांगितलं तर पप्पा इतके खूश झाले की संध्याकाळी सगळ्या बंदरावर सांगत सुटले, माझा पोरगा प्रोफेसरला उलटा बोलला. इनासअंकलने, पप्पांच्या चुलतभावाने, माझ्या पाठीत धपाटा घातला. "बरं झालं बोललास. मालाडच्या पुढचे लोक आपल्याला येडेच समजतात."

पण तोवर आमचीच जागा ओस पडली होती. जाळं ओढताना पप्पांचा उजवा खांदा निखळला होता आणि तो परत नीट बसलाच नाही. पहिल्या हंगामात त्यांनी भाड्याचे खलाशी घेऊन पाहिलं, ते पंधरवड्यात पळाले. दुसऱ्या हंगामात होडी उपडी पडून राहिली. आई दुसऱ्यांची मासळी घेऊन मालाडच्या बाजारात बसू लागली. घरात दुसरा पुरुष मी. आणि डोलीचं काम पाण्याच्या वेळेवर चालतं. उधाणाच्या दिवसांत रात्र असो, सकाळ असो, पाणी फिरलं की जाळ्यावर हजर. ते करून कोणी एम.ए. करू शकत नाही. इनासअंकलच्या जुन्या जागेत गाळ भरला होता, दोन कमावते मुलगे हात चोळत बसले होते. तो मागणार हे गावाला माहीत होतं. कोणाच्या मनात त्याबद्दल वाईट नव्हतं. त्याची वेळ आली होती, इतकंच.

पावसाळ्यात, मागणीच्या आठवड्यात, एका दुपारी मी ओट्यावर वाचत बसलो होतो. पप्पा डाव्या हाताने दुसऱ्या कोणाचं तरी जाळं विणत होते.

"बस्त्याव," ते म्हणाले, "इनास रविवारी येणार हाय."

"माहितीय."

"तू बोल, मी खुंटा मारतो."

मी पुस्तक मिटलं. "पप्पा, मी एम.ए.ला जाणार आहे. ठरलंय आपलं."

"मग जा ना. कोण नको बोलतंय? निस्तं तोंडानं बोल. बोललास की अजून दोन हंगाम जागा आपली. तवर माझा खांदा सुधारतो."

"डॉक्टर बोलला ना, सुधारणार नाही."

"डॉक्टर दर्यात येतो काय?"

एवढंच मागणं होतं. मी काही सोडायचं नव्हतं. फक्त एक वाक्य, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करणारं जगात कोणी नव्हतं, कारण पोरगा मारतो म्हणाला की गावात पुढे विचारत नसत. आजही मी विद्यार्थ्यांना शिकवतो की माणूस आपला फायदा-तोटा तोलून वागतो, आणि शिकवताना मला तो ओटा दिसतो. त्या दुपारी तराजूच्या एका पारड्यात अख्खं घर होतं आणि दुसऱ्यात काही म्हणजे काही नव्हतं.

"मग मी सरांना खोटं बोललो काय?" मी विचारलं.

"तुझा सर काय रविवारी पायरीवर येणार हाय?"

"इनासअंकल येणार आहे."

पप्पांनी जाळं खाली टाकलं. "आजाची जागा हाय ती. तुझ्या पुस्तकाच्या आधीची हाय. एक शब्द बोलायला तुझं काय जातंय रे?"

मी पुस्तक परत उघडलं. आतून आईने विचारलं, "रविवारी मटण करू की डुक्कर?" आणि लगेच तिने स्वतःलाच सांगितलं, "मटण. इनासला डुक्कर पचत नाय."

रविवारी पाऊस उघडला होता. मिस्साहून आल्यावर मी कपडे बदलले नाहीत. इनासअंकलही देवळातल्याच कपड्यांत होता, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली, बाजूला म्हातारा जुजे पाटील आणि त्यांच्यामागे नुसतंच बघायला आलेले पाच-सहा जण. इनासअंकल पायरीशी थांबला. रोज विचारल्याशिवाय आमच्या चुलीपर्यंत जाणारा माणूस, पण त्या दिवशी बाहेर उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "पास्कूची जागा ओस हाय. मी मागतो. कोण मारतो, कोण देतो?"

पास्कू म्हणजे पप्पा. ते दारात होते. रीतीप्रमाणे त्यांना बोलता येत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते आणि मी इनासअंकलच्या हातातल्या बाटलीकडे. मला पुढे कितीतरी जणांनी विचारलंय, बायकोने तर अनेकदा, की तू हे तत्त्वासाठी केलंस की सरांना दाखवायला? दोन्ही. दोन्ही होतं. तरुण माणसाच्या खरेपणात थोडी ऐट असतेच, म्हणून तो खरेपणा खोटा होत नाही. पायरीवर एक माणूस रीतीने उभा होता, माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला तयार होता, आणि त्याची मुलं रिकामी बसली होती. त्याच्या तोंडावर खोटं बोलून मी जागा राखली असती तर त्या क्षणापासून ती जागा राहिलीच नसती. नुसतं पाणी उरलं असतं. गावाचा तो नियम म्हणजे दुसरं काय होतं? असं पायरीवर खरं बोलणं, एवढंच तर होतं.

"घे," मी म्हणालो.

जुजे पाटलाने कानामागे हात नेला. "काय बोलला? मोठ्यानं बोल. लोकांना ऐकू आलं पायजे."

पहिल्यांदा बोलणं सोपं गेलं होतं. दुसऱ्यांदा बोलायला मला मान वर करावी लागली. "घे, इनासअंकल," मी ओरडलो, "जागा घे." खाडीवरचे कावळे उडाले. मी मागे वळलो तेव्हा दार रिकामं होतं. पप्पा मागच्या दाराने निघून गेले होते.

पण जेवणाला ते आले. आलेच. पाटावर बसले, ताटातल्या भाताला बोटं लावून बसून राहिले. इनासअंकल मटणाचे तुकडे नुसते ताटात फिरवत होता. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "वैनी, मटण झकास झालंय."

"झकास कसलं," आई म्हणाली, "ध्यान नव्हतं, मसाला जास्त पडलाय. जेव गप."

इनासअंकल जेवला. डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत जेवला, आणि ते मसाल्याचंच आहे असं आम्ही सगळे धरून चाललो.

त्या रविवारपासून पप्पा माझ्याशी बोलले नाहीत. काही हवं असलं तर आईमार्फत. "त्याला सांग दिवा लाव." मी समोरच बसलेला. जागा गेल्यावर होडी ठेवण्यात अर्थ नव्हता, ती गेली. फिलूने अंधेरीच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं. पहिल्या तरीने ती आणि मी एकत्र जायचो, ती कामाला आणि मी शिकायला, आणि त्या तरीत आम्ही दोघं कधीच काही बोललो नाही. तिला शिकायचं होतं. हे मी कधी विसरलेलो नाही, आणि कोणी मला विसर असं सांगितलं तरी विसरणार नाही. माझ्या प्रबंधाचं बाइंडिंग लाल कापडी आहे, त्यावर सोनेरी अक्षरात माझं एकट्याचं नाव आहे, आणि ते बरोबर नाही. पण कोणी जेव्हा म्हणतं की थोडं लवचिक व्हायला हवं होतं, एक शब्द तर बोलायचा होता, तेव्हा माझी मान ताठ होते. जे लोक एक शब्द म्हणतात त्यांच्या गावांत मी पुढे फिरलोय. तिथल्या तळ्यांची काय वाट लागली ते मी पाहिलंय. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी असाच एक शब्द बोललेला असतो.

सरांनाही मी सांगितलं. कोणाचं घर ते सांगितलं नाही. म्हटलं, सर, एका घराने पाळलं, घर बुडत असताना पाळलं. सर म्हणाले, "एक घर म्हणजे पुरावा नाही." अर्थशास्त्र म्हणून ते शंभर टक्के बरोबर होतं. मी म्हणालो, "मग बाकीची घरं शोधतो." माझी सगळी कारकीर्द म्हणजे ते वाक्य खरं करणं.

पण मला सांगायचंय ते खुंट्याचं. समुद्र उघडल्यावर पहिल्या शांत दिवशी इनासअंकलने खुंटा मारायचं ठरवलं. ते एकट्या घराचं काम नाही. दोन होड्यांमध्ये लाकूड उभं धरायचं आणि अख्ख्या गावाने दोरखंड ओढून ते तळात रुतवायचं. मजुरी नसते, जेवण असतं. आणि जागा दाखवायची ती आधीच्या घराने. सकाळी होडीत बसायची वेळ झाली तरी पप्पा ओट्यावरून उठेनात. आईने विचारलं. पप्पा भिंतीला म्हणाले, "ज्यानं दिली त्यानं दाखवावी."

मी गेलो. लहानपणी पप्पांबरोबर कैकदा गेलो होतो. एका बाजूला देवळावरचा क्रूस टेकडीच्या ताडाखाली आला पाहिजे, दुसऱ्या बाजूला मढच्या अंगाचा काळा खडक दोन भागांत फुटून दिसला पाहिजे. दोन्ही जुळलं की खाली आमची जागा. किनारा मागे गेला, क्रूस ताडाकडे सरकू लागला, आणि माझ्या मनात आलं ते मी आजवर फिलूलाही सांगितलेलं नाही. जरासं अलीकडे हात केला तरी पुरे होतं. अलीकडे तळ मऊ होता, खुंटा महिन्याभरात डळमळला असता, इनासअंकलने कंटाळून जागा सोडली असती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. खडक फुटेपर्यंत मी गप्प राहिलो. मग म्हणालो, "हितं."

"नक्की?" इनासअंकलच्या थोरल्या मुलाने विचारलं.

"नक्की. मार."

दोरखंडाला मीही हात लावला. खुंटा रुतताना खालून एक बसका, जड हादरा होडीत यायचा आणि तो पायांतून पोटापर्यंत जायचा. घरी पोचलो तेव्हा दोन्ही तळहातांची साल गेली होती. आईने बोंबलाचं कालवण केलं होतं. मला भात कालवता येईना, बोटं मिटत नव्हती. पप्पा समोर बसून जेवत होते. बऱ्याच वेळाने, ताटातून वर न बघता, त्यांनी विचारलं, "मऊ चिखलात नाय ना मारला?"

मला वाटलं आईला विचारतायत. आईने माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणालो. "खडक फुटल्यावर मारला."

"वाकडा बसला असंल. इनासच्या पोरांच्यात जोर नाय."

"सरळ बसला. मी धरला होता."

पप्पांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग पाण्याचा तांब्या उचलला, पाणी प्याले, तांब्या जोरात खाली ठेवला. "तुझ्या त्या सराला सांग," ते म्हणाले, आणि आवाज असा चढला की शेजारच्या घरात बोलणं थांबलं, "सांग त्याला, पाळतात म्हणावं. मनोरीत पाळतात. पटत नसंल तर ये म्हणावं हितं आणि माझ्यासमोर 'नाय पाळत' असं बोलून दाखव."

"सांगतो, पप्पा."

"आणि हे मी त्याच्यासाठी बोललो," पप्पा म्हणाले. "तुझ्याशी मी बोलत नाय."